पाळण्याचं वजन

१

सकाळचा चहा झाला की माझी बायको सोबिरा माझा चांगला हात बांधून टाकायची. डावा, धडधाकट हात. त्यावर जाड लोकरीचा मोजा चढवायचा, मनगटाशी नाडी आवळायची आणि दुपारच्या जेवणापर्यंत सोडायचा नाही. मग जे काही करायचं ते उजव्यानं. आणि उजवा तर पानगळीच्या दिवसांत अर्धांगाच्या झटक्यात गेलेला. तो मांडीवर पडून राहायचा आणि मी त्याच्याकडं बघत बसायचो.

ही तऱ्हा पाकबाईंची. ल्युदमिला पाक. आजी-आजोबा कोरियाचे, पण बाई जन्मल्या-वाढल्या इथं उझ्बेकिस्तानात, आमच्या मार्गिलानलाच. उझ्बेक माझ्याइतकं चांगलं बोलतात आणि चिडल्या की रशियनमध्ये शिव्या देतात. झटक्यातून उठलेल्या माणसांचे हात परत कामाला लावणं हा त्यांचा धंदा. त्यांनी माझ्यापुढं सगळं मांडून पाहिलं होतं. परातीत वाटाणे, कपड्यांचे चिमटे, स्पंज, मळलेली कणीक, आरसा. वाटाणे बोटांखालून पळून जायचे. कणकेवर ठेवलेला तळहात दुसऱ्या कुणीतरी उचलून घ्यावा लागायचा.

"घरात एक कर्ता असला की बाकीचे लोळतातच," पाकबाई म्हणायच्या. "डाव्याला बांधल्याशिवाय उजवा उठायचा नाही, दोम्ला."

दोम्ला म्हणजे मास्तरसाहेब. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हापासून सगळा मोहल्ला मला दोम्लाच म्हणतो. आणि या दोम्लाच्या पायजम्याची नाडी बायको बांधते, पुलावातलं मांस सून बारीक करून देते. मला माझा हात परत हवा होता. बाकी काही नको होतं. मेलो असतो तर बरं, असं एकदा बोलून गेलो तर सोबिरा दिवसभर रडली. पुन्हा बोललो नाही, पण मनातलं कुठं जातं?

२

त्या वसंतात नोदिराला, माझ्या सुनेला, सातवा लागला होता. याआधी दोनदा दिवस राहिले होते आणि दोन्ही वेळा घर नुसतं गप्प होऊन गेलं होतं. त्यामुळं आता कुणी बाळाचा विषय मोठ्यानं काढत नसे. फक्त अडगळीतला जुना पाळणा बाहेर निघाला. त्यात मी झोपलो होतो, नंतर माझा इल्होम झोपला. इल्होम मोटारींच्या कारखान्यात आहे, सुट्टीला घरी येतो. त्यानं पाळण्याला नवा लाल-पिवळा रंग दिला आणि वाळायला अंगणात द्राक्षाच्या मांडवाखालच्या लाकडी ओट्यावर ठेवला.

आमचा पाळणा टांगलेला नसतो. तो दोन वाकड्या फळ्यांवर उभा असतो आणि वर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आडवा दांडा. दांडा धरायचा आणि झुलवायचं. आत मूल उताणं, हातपाय रुंद पट्ट्यांनी बांधलेले, म्हणजे झोपेत दचकत नाही.

पाकबाईंनी तो पाहिला आणि त्यांचे डोळे चमकले. माझी बोटं एकेक उलगडून त्यांनी दांड्यावर ठेवली, वरून मऊ फडकं गुंडाळलं. "व्यायामानं हात शिकत नाही. त्याला काम लागतं. झुलवा."

सोबिरा चहा घेऊन येत होती. तिनं तबक जागच्या जागी ठेवलं. "रिकामा पाळणा हलवायचा नाही."

"अगं, वाळलेलं लाकूड आहे ते."

"इल्होमचे बाबा, नाही म्हटलं ना."

मी काय गप्प बसणार? गुरुत्वमध्याला काय कळतंय आत कोण आहे ते, असं काहीबाही सुरू केलं. तेवढ्यात नळाशी कोथिंबीर धुणारी नोदिरा दिसली. तिच्या हातातली जुडी तशीच राहिली होती आणि दुसरा हात पोटावर गेला होता. मी दांड्यावरून हात काढून घ्यायला गेलो, तर तोही मला काढता येईना. सोबिरानं काढला.

तोड काढली शेजारच्या रिसोलत खालांनी, सगळ्यांच्या मावशी त्या. मोहल्ल्यातलं प्रत्येक मूल पहिल्यांदा पाळण्यात बांधायचं ते खालांनीच.

"मग रिकामा ठेवू नका ना," त्या म्हणाल्या. "एवढी पुस्तकं वाचून डोक्यात भुसा भरलाय का तुझ्या?"

उशीच्या अभ्र्यात बाळाएवढे तांदूळ भरले, तोंड शिवलं, वर दुपटं गुंडाळलं. आणि खाला म्हणजे खाला. एकदा गाठोडं हातात आल्यावर त्यांना राहवेना. त्यांनी दृष्ट काढायला हरमलच्या वाळक्या पाल्याचा धूर केला, उशीखाली नान ठेवला, गाठोडं आधी मुद्दाम उलट्या बाजूनं ठेवलं आणि रिवाजाप्रमाणं विचारलं, "असं ठेवू?" आम्ही सगळे ओरडलो, "नाही!" मग आडवं ठेवून, "असं?" "नाही!" मग सरळ ठेवलं, पट्ट्या आवळल्या, बिस्मिल्ला म्हटलं, वरून मूठभर खडीसाखर उधळली. नोदिरा इतकी हसली की तिला ओट्यावर बसावं लागलं. त्या घरात कित्येक महिन्यांनी कुणी हसत होतं, म्हणून मीही हसलो.

३

आणि हात चालायला लागला.

सुरुवातीला खांदाच ढकलायचा, हात नुसता दांड्याला लोंबायचा. मग एका सकाळी कोपर वाकलं. मग मनगट. पाळणा गेला की बोटं त्याच्यामागं जायची आणि आला की मिटायची. आतले तांदूळ या बाजूला सळसळायचे, त्या बाजूला सळसळायचे. डोक्यावर मांडव, त्यात चिमण्या, भिंतीपलीकडं खालांचा तंदूर तापतोय आणि मी म्हातारा दांडा धरून बसलोय. गल्लीतली मंडळी दारातून डोकावून जायची.

"दोम्ला, कधी बाळंत झालात?"

"तुझ्या आईच्या पुण्याईनं कालच," मी म्हणायचो. कुणाचं काही लागत नव्हतं मला तेव्हा.

पाकबाई हाताचा प्रत्येक सांधा वाकवून बघायच्या आणि मान हलवायच्या. वाटाण्यांवर मात्र प्रगती शून्य, कणकेवर शून्य. पाळणा सोडला की हात पुन्हा मढं. "असू दे," त्या म्हणायच्या, "एक दार उघडलं की बाकीची उघडतात."

असं चाललं असताना एका दुपारी, जेवणं होऊन घर आडवं झालेलं असताना, माझ्या लक्षात आलं की तांदूळ वाजत नाहीयेत.

४

मी थांबलो. पुन्हा झुलवलं. फळ्यांची खडखड होती, सळसळ नव्हती. आणि पाळणा जड झाला होता.

हे कसं सांगू? ज्यानं मूल झोपवलंय त्याला सांगावं लागत नाही. मूल जागं असेपर्यंत पाळणा हाताशी भांडत असतो. मग एक क्षण असा येतो की तो सैलावतो, खाली बसतो आणि प्रत्येक झोका जरा उशिरा परत येतो. इल्होमच्या वेळी मी वह्या तपासत एका हातानं झुलवायचो. वर न बघताही मला कळायचं, झोपला. अगदी तसंच झालं होतं.

जेवणानंतर डाव्या हातावर पुन्हा चढवलेला मोजा मी दातांनी सोडला आणि गाठोडं चाचपलं. तांदूळ. डाव्यानं दांडा धरून झुलवलं. हलका, आणि आत सळसळ. पुन्हा उजव्यानं झुलवलं. जड आणि गप्प.

आवाज हातावर अवलंबून नसतो. हे मी शाळेत पोरांना शिकवलंय. मग असं समजलो की उजव्यानं मी सावकाश झुलवतो, म्हणून दाणे घसरत नसतील. ते पटलं, निदान पटवून घेतलं.

पाकबाईंना विचारलं तेव्हा त्या अजिबात चकित झाल्या नाहीत. "छान. म्हणजे जाणीव परत येतेय. ती अशीच वाकडीतिकडी येते, दोम्ला. माझ्या एका पेशंटला थंड पाणी उकळतं लागायचं. मेंदूला अर्धवट बातमी मिळते, बाकीचं तो जुन्या आठवणीतून भरून काढतो. तुमच्या हाताला पाळण्याची आठवण आहे, त्यात मूल होतं. एवढंच."

इतकं चोख उत्तर मी स्वतःसुद्धा दिलं नसतं. त्या रात्री शांत झोपलो.

५

पुढं पुढं मी झुलवायचं थांबवलं तरी दांडा हाताला ओढ द्यायचा, अगदी हलकी. मूल जागं होऊन अंग ताणतं तेव्हा जशी लागते तशी. मी पुन्हा झुलवायचो आणि ती ओढ निवायची. बांधलेल्या गाठोड्याला ओढ कसली, हे मला कळत होतं. पण हात थांबायचा नाही, हेही खरं होतं.

त्याच दिवसांत मी उजव्या हातानं सदऱ्याचं बटण लावलं. पाकबाईंनी सांगितलेली बाकीची दारं उघडायला लागली होती. चहाचा पेला धरला, नानचा तुकडा तोडला. सोबिरा दारात उभी राहून बघत होती आणि तिचे डोळे भरून आले. मला आनंद झाला, आनंदच झाला, त्यात काही खोटं नाही.

नोदिरा ओट्याच्या कडेला बसून जर्दाळू फोडत होती. म्हणाली, "बाबा, गंमत सांगू? तुम्ही झुलवायला लागलात की हा आत अगदी चूप होतो. एरवी लाथा मारून जीव नको करतो."

"आजोबांचा धाक," मी म्हटलं.

"नाही हो. जणू आत नसतोच," ती म्हणाली आणि जर्दाळूची बी तोंडात टाकली.

मी त्या दिवशी लवकर थांबलो. दुसऱ्या दिवशी सोबिरा तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, सगळं ठणठणीत आहे.

६

मुलगा झाला. मोहल्ल्यातल्या थोरांनी नाव ठेवलं तुर्गून. आमच्याकडं आधीची गेलेली असली की असं नाव ठेवतात, म्हणजे राहणारा. इल्होम सुट्टी काढून आला. पोराला घेऊन अंगणात फिरताना त्याला दोन वाक्यं धड बोलता येईनात.

पाळण्याचा दिवस आला. खालांनी पट्ट्या सोडल्या, गाठोडं उचलून आतल्या खोलीत रजयांच्या चळतीवर टाकलं आणि सगळं पुन्हा केलं. धूर, नान, "असं ठेवू?", "नाही!" पण यावेळी खालांचा आवाज मधेच अडखळला. मला म्हणाल्या, "एकदा केलेलं पुन्हा करताना जीभ वळत नाही बघ." बायकांचा गलका चालला होता, कुणी ऐकलं नाही.

मग सोबिरानं पुकारलं, "पहिला झोका आजोबांचा. त्याच हातानं."

सगळ्या बाजूला झाल्या. मी उजव्या हातानं दांडा धरला. बोटं लगेच मिटली, किती सुरेख मिटली. आणि झोका दिला.

पाळणा रिकामा होता.

मूल आत होतं. मी त्याच्याकडं बघतच झुलवत होतो. दोन्ही हात पट्टीखाली, तोंड उघडं, डोळे माझ्यावर. आणि हाताखाली रिकामं लाकूड उडत होतं, खडखडत होतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी डाव्या हाताला दांडा दिला. डाव्याला मूल लागलं, नीट, जेवढं असावं तेवढं.

७

तुर्गून रडत नसे. बायकांना कौतुक वाटायचं, किती गुणाचं पोर. दूध पाजलं तर प्यायचा, नाही पाजलं तर मागायचा नाही. पट्ट्या सोडल्या तरी हात तिथंच पडलेले असायचे, आणि पडलेला हात कसा दिसतो हे मला कुणी शिकवायला नको. डॉक्टर म्हणाले, वजन वाढतंय, काही काही मुलं शांत असतात. नोदिरा मान डोलवायची. पण एकदा मी तिला पाळण्याशी बसलेलं पाहिलं. ती त्याच्या गालाला हलकेच चिमटा काढत होती, पुन्हा पुन्हा, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"बाबा," ती म्हणाली, "एकदा तरी रडायला नको का हो यानं?"

मी उठून आतल्या खोलीत गेलो. पडदे ओढलेले होते. रजयांच्या चळतीवर गाठोडं तसंच होतं, घाईत सगळे विसरले होते. डाव्यानं उचललं, तांदूळ. मग उजवा हात खाली घातला.

ते उबदार होतं. मी उचललं तसं ते माझ्या दंडाकडं कललं, जागा शोधली आणि निवांत झालं.

मी ते परत ठेवलं. हळूच ठेवलं, आपटलं नाही. मग बाहेर येऊन सोबिराला म्हटलं, ते तांदूळ कोंबड्यांना घाल. तिनं अभ्रा उसवला, आत तांदूळच होते, थोडे किडे झालेले. कोंबड्यांनी चट्टामट्टा केला. संध्याकाळी तुर्गून आत असताना मी उजव्यानं पाळणा झुलवून पाहिला आणि तो रिकामाच लागला. तांदूळ संपले होते, पण माझ्या दंडावरचं ते ओझं दुपारपासून तिथंच होतं.

मी रात्रभर छताकडं बघत विचार केला. मेंदू, अर्धवट बातमी, जुनी आठवण, सगळं खरं धरलं. मग खोटं धरलं. दोन्हीकडून हिशेब एकाच जागी येत होता. जे काही होतं ते या हातानं झुलवून झुलवून वाढवलं होतं. आणि न वापरलेला हात शिकलेलं विसरतो, असं तर पाकबाईच सांगत होत्या. माझं चुकत असेल तर एक हात जाईल. बरोबर असेल तर काय परत मिळेल, ते चिमटे काढणाऱ्या त्या पोरीला विचारा.

सकाळी सोबिरा मोजा घेऊन आली. मी डावा हात पुढं केला नाही. उजवा पुढं केला आणि म्हटलं, "याला बांध."

८

पाकबाई भडकल्या. रशियन शिव्या मी बऱ्याच दिवसांनी ऐकल्या. "बटण लावायला लागलात आणि आता नखरे? सोडलेला हात पुन्हा येत नाही, दोम्ला. तुमच्या वयात तर नाहीच." मी म्हटलं, कंटाळा आला. कंटाळा आला म्हणणाऱ्या म्हाताऱ्याचं कुणी काय करू शकतं? त्या येईनाशा झाल्या.

हात हळूहळू गेला. आधी बटण, मग पेला, मग बोटं आत वळली. रोज सकाळी डोळे उघडले की मी अंगठा हलतोय का बघायचो. ज्या दिवशी हलला नाही त्या दिवशी मी तोंडावर पांघरूण घेऊन रडलो. नाडी पुन्हा सोबिरा बांधायला लागली.

आणि द्राक्षं पिकायला लागली त्या सुमारास, भर दुपारी, तुर्गून किंचाळला. साधं रडणं नव्हतं ते, सगळा मोहल्ला उठेल असं. त्यानं पाय झाडून पट्टी सैल केली होती. नोदिरा धावत आली आणि त्याला उचलून वेड्यासारखी हसत सुटली. सोबिरा तिथंच जमिनीवर बसली. तेव्हापासून त्यानं घर डोक्यावर घेतलंय. आता तो केस ओढतो, चावतो, रात्र रात्र जागवतो. मी डाव्यानं झुलवतो आणि पाळणा माझ्याशी भांडतो. मला दुसरं काही नको.

गेल्या आठवड्यात पाकबाई दारावरून जाताना आत आल्या. राग गेला होता, नुसतं वाईट वाटत होतं त्यांना. घरात तुर्गूनचा दंगा चालला होता, नोदिरा त्याच्यामागं ओरडत होती. पाकबाई माझ्याशेजारी ओट्यावर बसल्या.

"बघू तरी, किती वाटोळं केलंत," म्हणाल्या आणि त्यांनी माझा उजवा हात मांडीवरून उचलला.

असे मेलेले हात त्यांनी जन्मभर उचलले आहेत. किती जोर लावायचा ते त्यांच्या हातांना पाठ आहे. पण तेवढ्या जोरानं हात जेमतेम उचलला गेला आणि त्या थबकल्या. त्यांनी त्या रिकाम्या हाताकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. मग सावकाश दुसरा तळहात पसरून माझ्या दंडाखाली लावला, तान्ह्या मुलाच्या मानेखाली लावतात तसा.

आत तुर्गून रडायला लागला. पाकबाईंनी मान वळवली नाही.

"झोपलंय का?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

मी हो म्हटलं. त्यांनी हात खाली ठेवला नाही.